अर्नेस्ट, बनबरी आणि दोन-दोन आयुष्यं : ऑस्कर वाइल्डचं नाटक सोप्या भाषेत

ऑक्टोबर २०२५मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने एका वाचकाचं रद्द झालेलं ओळखपत्र पुन्हा दिलं. ते रद्द झालं होतं जून १८९५मध्ये, तेव्हा हे वाचनालय ब्रिटिश म्युझियमचा भाग होतं. वाचकाचं नाव ऑस्कर वाइल्ड. तो १९००मध्येच वारला, त्यामुळे नवं कार्ड स्वीकारलं त्याचे नातू मर्लिन हॉलंड यांनी.

कार्ड रद्द झालं तेव्हा वाइल्ड तुरुंगात होता. त्याच्या जेमतेम चार महिने आधी, १४ फेब्रुवारी १८९५ला, लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये त्याच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग रंगला होता. बाहेर बर्फाचं वादळ आणि आत हशा. नाटकाचं नाव ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’. त्यात दोन तरुण आहेत. दोघंही एकेक खोटा माणूस रचतात, त्याच्या आडून दुसरं आयुष्य जगतात, पकडले जातात आणि तरीही शेवटी सगळं गोड होतं.

इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्यांना हे नाटक माहीत असतं. इतर कोणी पहिल्यांदा वाचायला घेतलं की बहुधा गोंधळतो. इतके खोटारडे लोक, कोणालाच शिक्षा नाही, मग एवढं नावाजण्यासारखं काय आहे? मी हे नाटक अनेकदा वाचलं आहे आणि माझं मत असं झालं आहे की यात खोटेपणा हा कोणा एकाचा दोष नाहीच. तिथे प्रत्येकाला खोटं बोलावं लागतं, कारण समाजाने प्रत्येकाकडून इतकं सोवळं आयुष्य मागितलं आहे की ते खरोखर जगणं कोणालाच शक्य नाही.

आधी गोष्ट नीट लावून घेऊ

जॅक वर्दिंग एकोणतीस वर्षांचा, पैसेवाला. लंडनजवळच्या हर्टफर्डशरमध्ये त्याचं मोठं घर आहे. ज्या थॉमस कार्ड्यू नावाच्या गृहस्थांनी त्याला लहानपणी वाढवलं, त्यांची नात सेसिली त्याच्या देखरेखीखाली आहे. ती अठरा वर्षांची. घरात मिस प्रिझम नावाची शिक्षिका आहे. अशा घरात जॅकला सदासर्वकाळ आदर्श माणूस होऊन राहावं लागतं. त्यावर त्याने तोड काढली आहे. लंडनमध्ये आपल्याला अर्नेस्ट नावाचा वाया गेलेला धाकटा भाऊ आहे, तो सारखा भानगडीत सापडतो आणि त्याला सोडवायला जावं लागतं, असं तो घरी सांगतो. लंडनला पोचला की तो स्वतःच अर्नेस्ट होतो.

त्याचा मित्र अल्जरनॉन शहरात राहतो आणि त्याची तोड बरोबर उलटी आहे. त्याने बनबरी नावाचा कायमचा आजारी मित्र रचला आहे, जो खेड्यात राहतो. मावशीकडचं कंटाळवाणं जेवण टाळायचं असलं की बनबरीची तब्येत बिघडते. या युक्तीला अल्जरनॉन ‘बनबरीइंग’ म्हणतो. या लेखात हा एवढाच पारिभाषिक शब्द आहे. त्याचा अर्थ असा : खोट्या कर्तव्याच्या आडून खरी सुटका. ऑफिसातून रजा मिळावी म्हणून गावच्या आजीला आजारी पाडणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अल्जरनॉनची मावसबहीण ग्वेंडोलेन जॅकच्या प्रेमात आहे, पण त्याला ती अर्नेस्ट म्हणून ओळखते आणि अर्नेस्ट नावाच्याच माणसाशी लग्न करायचं असं तिने पूर्वीच ठरवलेलं आहे. इकडे सेसिलीने त्या वाया गेलेल्या अर्नेस्टबद्दल इतकं ऐकलंय की न पाहताच ती त्याच्यावर भाळली आहे. अल्जरनॉन चोरून जॅकच्या गावच्या घरी जातो आणि ‘मीच अर्नेस्ट’ म्हणून उभा राहतो. म्हणजे आता दोन मुली, दोघींचंही अर्नेस्टशी लग्न ठरलेलं, आणि अर्नेस्ट नावाचा माणूस जगात नाहीच. गोष्टीचा सांगाडा एवढाच.

दोन आयुष्यं लागायचीच कशाला?

‘व्हिक्टोरियन’ म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीतला काळ, १८३७ ते १९०१. वरच्या आणि मधल्या वर्गात या काळात प्रतिष्ठेला फार भाव होता. कामात गंभीर, बोलण्यात संयमी, देवाधर्माला धरून, संसारात निष्कलंक, असा माणूस चारचौघांत मान मिळवायचा. त्याच्या खासगी आयुष्यात काय चाललंय यापेक्षा ते बाहेर दिसतं का, हा प्रश्न मोठा होता. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य ज्या घरांत रोज ऐकू येतं, त्या घरांतल्या कोणालाही हे जग परकं वाटणार नाही.

जॅक स्वतःच सांगतो की पालकाच्या भूमिकेत प्रत्येक विषयावर उच्च नैतिक सूर लावावा लागतो आणि तो सूर तब्येतीला आणि सुखाला मानवत नाही. हे वाक्य विनोदाचं आहे, पण त्यातली तक्रार खरी आहे. जॅकला चैन करायची असते इतकंच नाही. घरी त्याला स्वतःचाच पुतळा होऊन बसावं लागतं आणि त्यातून काही तास उतरायचं असतं.

हे जमत होतं त्याला तेव्हाची परिस्थितीही कारण होती. रेल्वे आली होती, त्यामुळे सकाळी खेड्यातला जमीनदार आणि दुपारी शहरातला छानछोकी तरुण होणं शक्य झालं. पण शहरात कोण कोणत्या नावाने वावरतो, हे खेड्यातल्या घरी सहज कळत नव्हतं. ओळख पटवायची कशाने? छापील भेटकार्डाने. कार्डावर ‘मिस्टर अर्नेस्ट वर्दिंग, द ऑल्बनी’ असं छापलं की झाला माणूस अर्नेस्ट वर्दिंग. ऑल्बनी ही लंडनच्या पिकॅडिलीजवळची खरी इमारत, अविवाहित धनिकांच्या निवासासाठी प्रसिद्ध. आज दोन सिमकार्डं किंवा दोन नावांची दोन खाती जे काम करतात, ते तेव्हा छापखान्यातून आणलेलं शंभर कार्डांचं एक पाकीट करायचं. हे कार्ड लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

‘अर्नेस्ट’ या नावात एवढं काय आहे?

इथेच मराठी वाचक अडतो, आणि यात त्याची चूक नाही. इंग्रजीत अर्नेस्ट हे पुरुषाचं नाव आहे आणि अगदी तसाच उच्चार असलेला एक शब्दही आहे. त्या शब्दाचा अर्थ मनापासून वागणारा, गंभीर, खरा. व्हिक्टोरियन माणसाने कसं असावं हे एका शब्दात सांगायचं तर हाच शब्द. म्हणजे नाटकाच्या नावाचे दोन अर्थ होतात : प्रामाणिक असण्याचं महत्त्व, आणि अर्नेस्ट नावाचं असण्याचं महत्त्व.

मराठीत असं नाव शोधायचं तर मला ‘विश्वास’ सुचतं. कल्पना करा, एका मुलीने ठरवलंय की मी लग्न करीन तर विश्वास नावाच्या मुलाशीच, कारण त्या नावातच विश्वास आहे. आणि जो मुलगा तिच्यासमोर विश्वास म्हणून बसलाय त्याचं खरं नाव जनार्दन. ग्वेंडोलेनही जवळजवळ हेच म्हणते, की या नावानेच पूर्ण खात्री वाटते. गंभीरपणाची छटा ‘विश्वास’मध्ये येत नाही, पण गंमत कुठे आहे ते कळतं. जर्मन भाषांतरकारांचं नशीब चांगलं, कारण ‘एर्न्स्ट’ हे जर्मनमध्ये नावही आहे आणि त्याचा अर्थही गंभीर. फ्रेंचमध्ये ‘कॉन्स्टाँ’ हे नाव वापरतात, अर्थ एकनिष्ठ.

या शब्दखेळात वाइल्डने एक मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. मुलींना प्रामाणिक माणूस नको आहे, प्रामाणिक नावाचा माणूस हवा आहे. त्यांच्या भोवतालच्या समाजालाही नेमकं तेच हवं होतं.

मग मुली भोळ्या आणि मूर्ख आहेत का?

असा आक्षेप घेतला जातो. नावावर भाळणाऱ्या दोन मुली दाखवणं हा बायकांचा अपमान नाही का? मला तसं वाटत नाही, आणि कारण सेसिलीची डायरी.

अल्जरनॉन तिच्यासमोर प्रेमाची कबुली देतो तेव्हा ती शांतपणे सांगते की आपलं लग्न ठरून तीन महिने झाले. तारीख १४ फेब्रुवारी. बागेतल्या झाडाखाली तिने त्याला होकार दिला, त्याच्या नावाने स्वतःच अंगठी घेतली, त्याच्याकडून आलेली पत्रं स्वतःच लिहिली आणि पेटीत जपून ठेवली. मध्येच एकदा तिने लग्न मोडलंही, कारण एकदाही न मोडलेलं लग्न तिला पुरेसं गंभीर वाटलं नसतं. हे सगळं डायरीत तारीखवार लिहिलेलं आहे.

आता पाहा, थापा मारण्यात मुरलेला अल्जरनॉन या अठरा वर्षांच्या मुलीपुढे कच्चा ठरतो. त्याने फक्त एक आजारी मित्र रचला होता. हिने अख्खा प्रणय रचला आणि नायकाला त्यात उशिरा प्रवेश दिला. या मुलींना लंडनला एकटीने जाऊन दुसऱ्या नावाने राहता येत नव्हतं. पुरुषांकडे रेल्वे होती, त्यांच्याकडे डायरी होती. ग्वेंडोलेनकडेही डायरी आहे आणि प्रवासात वाचायला काहीतरी सनसनाटी असावं म्हणून ती ती सोबत बाळगते. दोघी समोरासमोर येतात, आपलंच लग्न आधी ठरलं हे सिद्ध करायला डायऱ्या काढतात आणि चहाच्या टेबलावर, नोकरासमोर, अत्यंत सभ्य भाषेत एकमेकींना बोचकारतात. ग्वेंडोलेन साखर नको म्हणते, तर सेसिली तिच्या कपात चार तुकडे टाकते. ब्रेड-बटर मागितल्यावर केकचा भलामोठा तुकडा वाढते. आवाज न चढवता, फक्त साखरेच्या चिमट्याने केलेलं भांडण मी दुसऱ्या कुठल्या नाटकात पाहिलेलं नाही.

लेडी ब्रॅकनेल : मुलगा बघण्याचा कार्यक्रम

नाटकातला सर्वांत गाजलेला प्रवेश आपल्याला समजायला सर्वांत सोपा आहे, कारण तो कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. फरक इतकाच, की इथे मुलाची परीक्षा आहे आणि परीक्षक एकटीच, मुलीची आई. ती वही-पेन्सिल काढून बसते. योग्य स्थळांची यादी तिच्याजवळ आहे, आणि एका सरदारघराण्यातल्या मैत्रिणीकडेही तीच यादी आहे.

सिगारेट ओढता का? जॅक चाचरत हो म्हणतो. चांगलं आहे, पुरुषाला काहीतरी उद्योग असावा. उत्पन्न? वर्षाला सात-आठ हजार पौंड. जमिनीतून की गुंतवणुकीतून? मुख्यतः गुंतवणुकीतून. बाईंना हे उत्तर आवडतं आणि त्यामागे खरा इतिहास आहे. १८७०नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं, इंग्लंडमधल्या जमिनींचे खंड घसरले आणि मोठमोठ्या जमीनदार घराण्यांकडे नाव उरलं, रोकड आटली. नाव असलेल्यांना पैसा हवा होता आणि पैसा असलेल्यांना नाव. लग्न हा त्यांच्यातला बाजार होता.

मग येतो तो प्रश्न, आई-वडील? जॅक सांगतो की दोघंही गमावले. बाई म्हणतात, एक गमावणं हे दुर्दैव समजता येईल, दोघांनाही गमावणं हा निष्काळजीपणा दिसतो. आणि सत्य याहून अवघड आहे. जॅक कार्ड्यू यांना सापडला तो व्हिक्टोरिया स्टेशनच्या क्लोकरूममध्ये, एका हँडबॅगेत. ब्रायटन लाइनवरच्या. लाइन कोणती हा प्रश्न गौण आहे, असं बाई बजावतात.

हसू ओसरलं की या प्रवेशातला थंडपणा जाणवतो. एका बाळाला कोणीतरी स्टेशनवर सोडून गेलं, ही गोष्ट ऐकून त्या बाईच्या मनात दया येत नाही, तिला गैरसोय दिसते. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यातही विवाहबाह्य मूल हे ‘कोणाचंच नसलेलं मूल’ मानलं जाई, त्याला वारसाहक्क नव्हता. म्हणजे बाई कायद्याच्याच भाषेत बोलतात. जॅकला त्या सल्ला देतात की काही नातेवाईक लवकर मिळवा, आणि सीझन संपण्याआधी निदान एक तरी पालक हजर करा. सीझन म्हणजे लंडनमधले मेजवान्या आणि नाचांचे महिने, जेव्हा सोयरिकी जुळत.

पुढे याच बाई सेसिलीलाही आधी नाक मुरडतात. तिच्या नावावर सरकारी रोख्यांत १,३०,००० पौंड आहेत हे कळतं, तेव्हा निघालेल्या बाई पुन्हा खाली बसतात आणि त्यांना मुलीच्या चेहऱ्याची ठेवण चांगली दिसू लागते. शिवाय त्यांनी स्वतः लग्न केलं तेव्हा त्यांच्याकडे पैसा नव्हता, हे त्याच सांगतात. म्हणजे दारावर पहारा देणारी बाईही एके काळी त्याच दारातून युक्तीने आत आलेली आहे.

सगळेच दोन आयुष्यं जगतात

मिस प्रिझमचं उदाहरण तर फार बोलकं आहे. सेसिलीला शिस्त आणि जर्मन व्याकरण शिकवणारी ही बाई. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती एका घरी बाळ सांभाळायला होती. एके दिवशी बाबागाडी घेऊन बाहेर पडली आणि परतलीच नाही. तिने तीन खंडांची एक कादंबरी लिहिली होती. त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून हस्तलिखित बाबागाडीत ठेवलं आणि बाळ हँडबॅगेत. नाटकात सर्वांत कडक दिसणाऱ्या व्यक्तीचं गुपित सर्वांत मोठं निघतं.

ते बाळ म्हणजे जॅक. तो लेडी ब्रॅकनेलच्या बहिणीचा मुलगा आणि अल्जरनॉनचा सख्खा थोरला भाऊ ठरतो. वडील जनरल होते, त्यांचंच नाव त्याला दिलेलं. लष्कराच्या याद्या उघडतात आणि नाव सापडतं : अर्नेस्ट जॉन.

म्हणजे खोटा भाऊ आहे असं तो म्हणत होता, तर भाऊ खरंच होता. आपलं नाव अर्नेस्ट म्हणत होता, तर नाव खरंच अर्नेस्ट होतं. आयुष्यभर आपण केवळ सत्यच बोलत आलो हे अचानक कळणं भयंकर आहे, असं म्हणून तो ग्वेंडोलेनची माफी मागतो. हरवलेलं बाळ आणि शेवटी पटलेली ओळख हा त्या काळच्या रडव्या नाटकांचा हुकमी शेवट होता. आपल्या सिनेमानेही जत्रेत हरवलेल्या भावांवर कितीतरी वर्षं काढली. वाइल्डने तोच शेवट घेतला आणि त्याला उलटं टांगलं. तिथे ओळख पटल्यावर सत्याचा विजय होतो. इथे ओळख पटल्यावर थाप खरी ठरते.

रंगमंचावर हे कसं चालतं?

वाचताना न कळणारी एक जागा सांगतो. जॅकने पहिल्या अंकातच ठरवलेलं असतं की आता अर्नेस्टचा उपद्व्याप पुरे, त्याला मारून टाकू. दुसऱ्या अंकात, पॅरिसमध्ये जोराची थंडी बाधून अर्नेस्ट वारला, अशी बातमी घेऊन तो घरी येतो. बागेच्या मागच्या टोकाकडून तो सावकाश चालत येतो. काळे कपडे, टोपीला काळी फीत, हातात काळे मोजे. व्हिक्टोरियन सुतकाचे नियम कपड्याच्या प्रकारापर्यंत ठरलेले होते, त्यामुळे प्रेक्षकांना लांबूनच कळतं की याचं जवळचं कोणी गेलं. आणि त्याच प्रेक्षकांनी दोनच मिनिटांपूर्वी ‘अर्नेस्ट’ला सेसिलीबरोबर घरात जाताना पाहिलेलं असतं.

जॅक एक शब्द बोलायच्या आत हशा उसळतो. नटाला काहीही करायचं नसतं, फक्त मनापासून शोक करत चालायचं असतं. तो जरा जरी डोळा मिचकावेल तर हा प्रवेश पडतो. पुढे दोघं मित्र गावच्या पाद्रीकडे स्वतःचा बाप्तिस्मा करून अर्नेस्ट नाव घ्यायचं ठरवतात, एक साडेपाचला, दुसरा पावणेसहाला. तेही तितक्याच गांभीर्याने. वाइल्डने उपशीर्षकातच म्हटलंय, गंभीर माणसांसाठी क्षुल्लक सुखात्मिका. मराठीत हे नाटक करू पाहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हसवायला जाऊ नका. खरं मानून बोला.

पण हे नाटक उथळ नाही का?

हा आक्षेप पहिल्या दोन आठवड्यांतच आला, आणि तोही बर्नार्ड शॉकडून. नाटकाने आपल्याला हसवलं, पण हृदयाला स्पर्श केला नाही, अशी त्याची तक्रार होती. शॉचं म्हणणं मी सहज बाजूला सारणार नाही. या नाटकात कोणी रडत नाही, कोणाचं काही कायमचं मोडत नाही.

पण वाइल्डची आधीची नाटकं शेजारी ठेवून पाहावीत. तिथेही गुपितं आहेत : लपवलेली आई, लपवलेलं मूल, एका राजकारण्याने तरुणपणी विकलेलं सरकारी रहस्य. तिथे गुपित फुटण्याच्या भीतीने माणसं होरपळतात, लांबलचक भाषणं करतात. ‘अर्नेस्ट’मध्ये त्याने ती भीती काढून टाकली. जिथे बिंग फुटलं तरी माणूस संपत नाही असं जग त्याने तीन अंकांपुरतं उभं केलं. या हलकेपणात मला फार मोठी इच्छा दिसते.

हे तीन अंकही आधी चार होते. नट आणि थिएटरचा चालक जॉर्ज अलेक्झांडर याच्या आग्रहाने वाइल्डने एक अंक कमी केला. त्यात गळलेल्या भागात एक वकील येतो. अर्नेस्टच्या नावावर सॅव्हॉय हॉटेलचं ७६२ पौंडांवर बिल थकलेलं असतं आणि अर्नेस्ट म्हणून वावरणाऱ्या अल्जरनॉनला तो हॉलोवे तुरुंगात न्यायला निघतो. थापेची खरी किंमत मागितली जाते अशी ती एकच जागा होती, आणि ती गेली.

मग लेखकाचं काय झालं?

वाइल्डचं लग्न १८८४मध्ये कॉन्स्टन्स लॉइडशी झालं होतं. सिरिल आणि विव्हियन हे दोन मुलगे, चेल्सीमध्ये टाइट स्ट्रीटवर घर. १८९१मध्ये त्याची ओळख लॉर्ड आल्फ्रेड डग्लस या तरुणाशी झाली आणि तो त्याच्यात गुंतला. इंग्लंडमध्ये १८८५पासून एक कायदा होता. त्याच्या ११व्या कलमाने दोन पुरुषांमधलं लैंगिक वर्तन, मग ते बंद दाराआड आणि परस्परसंमतीने का असेना, गुन्हा ठरवलं होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, सक्तमजुरीसह किंवा तिच्याविना. या कलमाला लोक ब्लॅकमेल करणाऱ्यांची सनद म्हणत. भारतीय दंडविधानातलं ३७७ हे वेगळं आणि आधीचं कलम, १८६०चं, पण त्याच राजवटीने आणलेलं. सज्ञान व्यक्तींच्या संमतीने असलेल्या संबंधांपुरतं ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला रद्द केलं.

डग्लसचे वडील, क्वीन्सबेरीचे मार्क्विस (म्हणजे बडे उमराव), वाइल्डवर संतापलेले होते. पहिल्या प्रयोगाला गोंधळ घालायचा त्यांचा बेत होता. त्यांना आत सोडलं नाही, तेव्हा ते मागच्या दाराशी भाज्यांचा गुच्छ ठेवून गेले. चारच दिवसांनी त्यांनी वाइल्डच्या क्लबमध्ये आपलं भेटकार्ड ठेवलं, त्यावर त्याच्या लैंगिकतेबद्दल जाहीर आरोप खरडलेला. भेटकार्डच. नाटकात ज्याने खोटी ओळख उभी राहते, त्याच वस्तूने लेखकाची उघड केली.

वाइल्डने बदनामीचा खटला भरला आणि तो उलटला. बचाव पक्षाचे वकील एडवर्ड कार्सन यांनी त्याला विचारलेल्या प्रश्नांत त्याने तरुणांना भेट दिलेल्या चांदीच्या सिगारेट केसही होत्या. नाटकाच्या पहिल्या अंकात जॅकचं बिंग फुटतं तेही सिगारेट केसमुळेच, तिच्यावर सेसिलीने ‘जॅककाका’ असं कोरून घेतलेलं असतं म्हणून. ५ एप्रिलला क्वीन्सबेरी सुटले आणि त्याच संध्याकाळी वाइल्डला अटक झाली. खटला चालेपर्यंत त्याला ठेवलं हॉलोवे तुरुंगात. जाहिरातींवरून लेखकाचं नाव काढून नाटक काही आठवडे चाललं, मग मे महिन्यात बंद पडलं. २५ मे १८९५ला दोन वर्षांची सक्तमजुरी सुनावली गेली.

म्हणजे हे नाटक सांकेतिक भाषेत लिहिलंय का?

बनबरी म्हणजे वाइल्डचं गुपित, अर्नेस्ट म्हणजे अमुक, असा कोश बनवणारे बरेच आहेत. मला हा मार्ग पटत नाही. खोटी सबब सांगून घराबाहेर पडणारे नवरे आणि भाचे त्या काळच्या हलक्याफुलक्या नाटकांत नेहमीचेच होते, आणि पहिल्या रात्री हसणाऱ्यांत असे कितीतरी पुरुष असतील ज्यांचा बनबरी अगदी साधा होता. नाटकाला एकच किल्ली लावली की सेसिलीची डायरी, मिस प्रिझमची कादंबरी, लेडी ब्रॅकनेलची यादी हे सगळं बाहेर राहतं. आणि नाटक तर त्यांच्याबद्दलही आहे.

पण ज्याला रोज दोन आयुष्यांचा हिशेब ठेवावा लागतो, त्याला दाराची बेल वाजली की काय होतं हे कळतं, आणि ते या नाटकातल्या प्रत्येक प्रवेशाच्या वेळेत उतरलंय. कोण कधी आत येतो, कोणाच्या समोर कोणतं नाव घ्यायचं, कोणती वस्तू खिशात राहून गेली. इतकी अचूक घडी केवळ कारागिरीने बसते असं मला वाटत नाही.

तुरुंगातून वाइल्ड १९ मे १८९७ला सुटला आणि फ्रान्सला गेला. तिथे तो सेबॅस्टियन मेलमॉथ या नावाने राहिला. १८९९मध्ये ‘अर्नेस्ट’ पुस्तकरूपाने छापलं गेलं तेव्हा त्यावर त्याचं नाव नव्हतं, ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’चा लेखक एवढाच उल्लेख होता. ३० नोव्हेंबर १९००ला तो वारला. नाटकातला अर्नेस्ट ज्या शहरात वारतो त्याच शहरात, पॅरिसमध्ये.

कॉन्स्टन्सने त्याआधीच स्वतःचं आणि मुलांचं आडनाव बदललं होतं. तिच्या माहेरच्या घराण्यात चालत आलेलं एक जुनं नाव तिने घेतलं, हॉलंड. दोन्ही मुलांना वडील पुन्हा कधी भेटले नाहीत. ऑक्टोबर २०२५मध्ये जे कार्ड परत दिलं गेलं त्यावर नाव ऑस्कर वाइल्डचं आहे. ते हातात घेणारे मर्लिन हे विव्हियनचे चिरंजीव, आणि त्यांचं आडनाव अजूनही हॉलंडच आहे.